झोपलेल्याचा डावा हात

...तर ती ऑरेगनहून आलेली बाई काही केल्या हलेना. ऑरिननं दफनभूमीत तिला तिची पणजी शोधून दिली, त्या जागी पांढरी वीट ठेवली, टोपी काढून क्षणभर उभाही राहिला. आता माणसानं गाडीत बसून आपल्या वाटेला लागावं की नाही? पण बाईचं समाधान होईना. तिला ऑरिनच्या हातातल्या तारा पुन्हा चालताना बघायच्या होत्या आणि फोनमध्ये त्याचं चित्रणही करायचं होतं.

"थडग्यावर तारा एकमेकींवर आडव्या येतात हे पाहिलं मी," ती म्हणाली. "पण जिथं कुणीच नाही तिथं त्या गप्प राहतात हे कशावरून? सगळीकडंच आडव्या येत असतील तर?"

दुसरा कुणी असता तर फणकारला असता. ऑरिन स्टॉटलमायर हसला. तारांवर शंका घेणारी माणसं त्याला आवडायची, कारण त्यांचा चेहरा नंतर बघण्यासारखा व्हायचा.

"चला तर," तो म्हणाला, "या काउंटीतली सगळ्यात खात्रीची रिकामी जागा दाखवतो तुम्हाला. माझी स्वतःची."

देवदाराच्या झाडाखाली नेऊन त्यानं तिला दगड दाखवला. आमच्याकडं नवरा-बायकोचा दगड एकच असतो. एक जण गेलं की दुसऱ्याचंही नाव त्याच वेळी कोरून टाकतात. जन्माचा सन घालतात आणि पुढची जागा मोकळी सोडतात. मागं राहिलेला माणूस दर रविवारी फुलं घेऊन येतो, स्वतःचं नाव वाचतो आणि घरी जाऊन जेवतो, कुणाला त्यात काही वाटत नाही. या दगडावर वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला होतं 'लवोना', दोन्ही सनांसकट. डाव्या हाताला 'ऑरिन', एकाच सनाचा.

ऑरिननं कोपरं बरगड्यांना चिकटवली, कुंपणाच्या तारेचे ते दोन वाकवलेले तुकडे मुठीत सैल धरले आणि आपल्या नावाखालच्या हिरवळीवर पाऊल टाकलं.

तारा वळल्या. हळूच, पण न चुकता, माहेरी आलेल्या बहिणींनी गळ्यात पडावं तशा एकमेकींवर आल्या.

बाईनं फोन खाली घेतला. "पण तुम्ही तर..."

"मी अजून आहे, बाई. तारांनाच माझी घाई झालेली दिसते!" ऑरिन मोठ्यानं हसला. बाईही हसली. मग त्यानं सहज केल्यासारखं एक पाऊल उजवीकडं, लवोनाच्या नावाखाली टाकलं. तारा सरळ झाल्या. मास्तर वर्गात आल्यावर पोरं ताठ बसावीत तशा सरळ. त्या इकडं ना तिकडं हलल्या नाहीत.

बाईला त्यातलं काही उमगलं नाही. ती आभार मानून गेली. तिच्या गाडीनं उडवलेली खडीवरची धूळ खाली बसेपर्यंत ऑरिन मे महिन्याच्या उन्हात तिथंच उभा होता, तारा मुठीत तशाच धरून.

आता ऑरिन म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. उत्तर मिझुरीतल्या आमच्या पार्डी काउंटीत टेकड्या आहेत त्या बसलेल्या गाईंच्या पाठींएवढ्या, आणि माती अशी चिकण, की एकदा बुटाला धरली की दारापर्यंत सोबत येते. त्या मातीवर ऑरिननं सारा जन्म गाई राखल्या, दूध काढलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा गाई विकल्या आणि बेथेलच्या दफनभूमीची राखण घेतली. गवत कापायचं, कुंपण बघायचं, आणि हरवलेली माणसं शोधून द्यायची.

हरवलेली म्हणजे कशी, तर रेल्वे आली ती टर्पिन गाव चुकवून एल्डावरून गेली. एल्डावाल्यांना त्याची मस्ती चढली. ते म्हणाले, काउंटीची कचेरीही आम्हालाच पाहिजे. टर्पिनवाले म्हणाले, या घ्यायला. तर ते खरंच गाड्या जुंपून आले आणि दफ्तर, कपाटं, न्यायाधीशाची खुर्ची, सगळं उचलून घेऊन गेले. खुर्चीत न्यायाधीश झोपला होता असंही सांगतात, पण ते सांगणारे टर्पिनचे. पुढं एल्डाची ती नवी कोरी कचेरी जळून खाक झाली. एल्डावाले म्हणतात टर्पिनच्या काडीनं, टर्पिनवाले म्हणतात एल्डाच्या आळशी शेगडीनं. आजही पोरांचा बास्केटबॉलचा सामना रंगात आला की कुणीतरी मागून ओरडतंच, "काडी कुणाकडं आहे रे?" त्या आगीत बेथेलचा नकाशाही गेला. थडग्यांवरच्या लाकडी फळ्या त्याआधीच गवताच्या वणव्यात गेल्या होत्या. राहिलं काय, तर हिरवळ. आणि हिरवळीखाली कोण कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

ऑरिनचा आजा पाणाड्या होता. पीचच्या फांदीनं विहिरी सांगायचा. नातवानं फांदी टाकून तारा घेतल्या आणि पाण्याऐवजी माणसं सांगायला लागला. तारा आडव्या आल्या की तिथं एक वीट पुरायची आणि तिला पांढरा रंग द्यायचा. कुणी विचारलं, "ऑरिन, हे कसं होतं रे?" तर म्हणायचा, "मला कुठं कळतं? तारांना कळतं."

त्याचा एक ठाम नियम बायकांच्या जागेचा. बेथेलमध्ये सगळ्यांची डोकी पश्चिमेला, पाय पूर्वेला, आणि बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला. खड्डा खणायला आलेल्या प्रत्येकाला ऑरिन पायथ्याशी उभा करून बजावायचा, "डावा कुणाचा? झोपलेल्याचा डावा! तुझा नव्हे. तू त्याच्याकडं तोंड करून उभा आहेस, तुझं सगळं उलटं!" इतकी वर्षं त्यानं हे इतक्या जणांना ऐकवलं होतं, की टर्पिनच्या उपाहारगृहात कुणी मीठ दे म्हटलं तरी समोरचा विचारायचा, "झोपलेल्याच्या डावीकडचं का?"

त्या संध्याकाळी ऑरिन घरी आला, डाळीचं सूप गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं. लवोना गेली तो जानेवारी त्याला आठवत होता.

आठवत होता म्हणजे काय, तुकडे आठवत होते. वारा आठवत होता. डॉइल फिक्सचं खोदायचं यंत्र आठवत होतं. त्यातलं डिझेल पाकासारखं घट्ट झालं होतं आणि डॉइल त्याला शिव्या देत होता. रस्त्यापलीकडं राहणारा हा डॉइल, ऑरिनचा बालमित्र. "थांबू या दोन दिवस," तो म्हणाला होता. ऑरिन म्हणाला, "तिच्यासाठी मी खणतो." जमीन मऊ व्हावी म्हणून अर्धं पिंप उपडं घालून त्याखाली कोळसे पेटवले, आणि सकाळी कुदळ घेतली. दगड तर तेव्हा नव्हताच. सगळीकडं नुसतं पांढरं. सासऱ्याच्या थडग्याचा माथा तेवढा बर्फातून वर आला होता, त्यावरून त्यानं ओळ धरली. पायथ्याशी उभा राहिला. आणि मनात म्हणाला, बायको डावीकडं.

सुपापुढं बसलेल्या ऑरिनचा हात आपोआप स्वतःच्या डावीकडं गेला. मग त्यानं तो मागं घेतला.

पेटी खाली उतरताना त्यानं बघितलंच नव्हतं. लवोनाला थंडी अजिबात सोसायची नाही. लग्नाला आली तीसुद्धा दोन लोकरी मोजे घालून. पेटी उतरत होती तेव्हा ऑरिनच्या डोक्यात एवढंच होतं, की अशा दिवशी हिला मातीत ठेवतोय. तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. मग त्याला निमोनिया झाला आणि मुलगी कॅन्सस सिटीला घेऊन गेली. पानगळीत परत आला तोवर कारागिरांनी रिवाजाप्रमाणं दगड बसवला होता, डॉइलनं खचलेली माती भरली होती आणि वर गवत उगवलं होतं. ऑरिननं त्या दगडावर हात फिरवला आणि मनात म्हणाला, चला, व्यवस्थित झालं सगळं.

त्यानंतर दर रविवारी तो घडीची खुर्ची घेऊन यायचा. तिच्यावर पाय पडू नये म्हणून खुर्ची आपल्या बाजूला मांडायचा. आणि बोलायचा, हवेबद्दल, गाई कुणी घेतल्या त्याबद्दल, मेहुणी वेल्डाच्या जिभेबद्दल.

आपल्या बाजूला! त्यानं चमचा खाली ठेवला.

पुढचे दिवस त्याचे असे गेले, की पायाखाली फरशी आहे की नाही तेच कळू नये. तारा खऱ्या असतील तर तो इतकी वर्षं बायकोच्या अंगावर खुर्ची ठेवून बसत होता आणि पिओनीची फुलं मोकळ्या मातीला वाहत होता. तारा खोट्या असतील तर लवोना आपल्या जागी सुखरूप होती. पण मग त्या पांढऱ्या विटांचं काय? नोरीन हॅथवेनं त्याच्या शब्दावर आपल्या तान्ह्या भावाची जागा मानली होती. दर वर्षी ती त्या विटेपाशी विणलेले इवलेसे मोजे ठेवून जायची. त्या मोज्यांखाली नुसती चिकण माती असेल तर तिला कोण सांगणार? एक तर बायकोची चूक केलेली, नाहीतर साऱ्या काउंटीची. तिसरी वाट त्याला दिसेना.

तो रविवारी गेला तेव्हा खुर्ची हातात धरून उभाच राहिला. उजवीकडं मांडावी तर ती तिथं असली तर? डावीकडं मांडावी तर ती तिथं असली तर? शेवटी न बसताच परतला. रस्त्यावरून जाणाऱ्या पिकअपमधल्या माणसानं रिवाजाप्रमाणं नमस्काराला स्टीअरिंगवरचं एक बोट उचललं. ऑरिनला उलट बोट उचलायचंही सुचलं नाही.

डॉइलला विचारावं म्हणून तो सकाळी धान्याच्या कोठारापाशी गेला. तिथं म्हाताऱ्यांची कॉफी चालते. ती इतकी पातळ की पेल्याच्या तळावरची जाहिरात वाचता येते.

"डॉइल, लवोनाच्या वेळी मातीचा ढीग कुठल्या बाजूला होता रे?"

"ढीग?" डॉइलनं बिस्किट कॉफीत बुडवलं. "गड्या, त्या दिवशी मिझुरीत ढीग कुठं नव्हता ते सांग! सगळं बर्फच बर्फ."

"पण मी खणत होतो, तेव्हा तू कुठं उभा होतास?"

"वाऱ्याच्या आड, तुझ्या मागं. तू मला कुदळ लावू देशील तर ना! दोनदा हात पुढं केला तर दोनदा डोळे वटारलेस." डॉइलनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "का रे, काय झालं?"

"काही नाही. गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखतोय आणि ढीग विचारतोयस. डॉक्टरलाही असंच सांगत जा, लवकर बरा होशील." पण त्याचं हसू अर्धवट राहिलं, आणि त्यानं बिस्किट पेल्यातच विरघळू दिलं.

तपासायचा उपाय ऑरिनकडं होता, ती गोष्ट त्याला आणखी छळत होती. राखणदाराकडं लांब लोखंडी सळई असते. जमिनीत दाबली की खाली पेटीवरच्या सिमेंटच्या झाकणाला लागते, हाताला ठोक कळतो. शंकाच संपते. एका दुपारी त्यानं सळई काढली, पुसली, दगडापाशी नेली. टोक आपल्या नावाखालच्या गवतावर टेकवलं. दोन्ही हातांचा भार देणार, एवढ्यात त्याला वाटलं, आपण झोपलेल्या माणसाला बोटानं टोचून उठवतोय. तेही अशा बाईला, जिला उठवलेलं कधीच चालायचं नाही. सळई परत खोपटात गेली.

मग राहिली वेल्डा. लवोनाची धाकटी बहीण, जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली, पोरांनी भाजी टाकली तर ती परत ताटात वाढणारी. त्या दिवशी ती थडग्याच्या अगदी कडेला उभी होती हे ऑरिनला पक्कं आठवत होतं. पण तिला कसं विचारायचं? "तुझी बहीण मी कुठं ठेवली गं?" असं? सख्ख्या बहिणीला? चूक निघाली तर ती त्याचं तोंडही बघणार नाही, आणि इथं तिच्याशिवाय त्याचं नात्याचं उरलं होतं कोण?

त्यातच एक जुनी गोष्ट त्याच्या मनात टोचायला लागली. मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडं डेकोरेशन डे असतो. लांबलांबची माणसं येऊन थडग्यांवर फुलं ठेवतात आणि चर्चच्या तळघरात जेवतात. वेल्डा दर वर्षी कॉफीच्या रिकाम्या डब्याला चंदेरी कागद गुंडाळून त्यात लवोनाच्याच झाडांच्या पिओनी आणायची, आणि डबा दर वर्षी चुकून डाव्या बाजूला, ऑरिनच्या नावाखाली ठेवायची. ती जेवायला गेली की ऑरिन तो डबा हळूच उचलून उजवीकडं ठेवायचा. म्हणायचा, बिचारीचे डोळे गेले.

वेल्डाचे डोळे! पाच मैलांवरच्या गाईच्या कानातला बिल्ला वाचणारी बाई ती.

डेकोरेशन डे उजाडला तेव्हा ऑरिन सगळ्यांच्या आधी येऊन देवदाराला टेकून उभा होता, दाढी केलेला, एके ठिकाणी कापलेला. माणसं येत होती, "काय ऑरिन, अजून वरच का?" म्हणून थट्टा करत होती. नोरीन हॅथवे मोजे घेऊन आपल्या विटेकडं गेली, तेव्हा त्यानं मान वळवली. डॉइल तळघरातून आधीच गूजबेरीच्या पाईचा तुकडा पळवून आला होता आणि उभ्या उभ्या खात होता. ऑरिनला घास दिसत होता, पण त्याला एकच गोष्ट बघायची होती. डबा कुठं टेकतो.

वेल्डा आली. गाडीचं दार आपटलं, डबा छातीशी धरून टेकडी चढली, धापा टाकत दगडापुढं थांबली. वाकली. आणि डबा ठेवला तो डावीकडं. ठाम, न चाचपडता.

ऑरिन देवदारापासून पुढं आला. "वेल्डा," तो म्हणाला, "ती बाजू माझी आहे."

"नाव तुझं आहे. वाचता येतं मला." ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "आणि पेटी उतरत होती तेव्हा मी पेटीकडं बघत होते. तू बुटांकडं बघत होतास."

"म्हणजे ती..."

"इथं आहे. या डब्याखाली. आणखी कुठं असणार?"

ऑरिन खाली बसला असता, पण कुठं बसायचं तेच कळेना. "इतकी वर्षं तुला माहीत होतं?"

"अरे, इतकी वर्षं मला वाटत होतं *तुला* माहीत आहे! मी डबा ठेवून जेवायला जाते, परत येते तर डबा पलीकडं. म्हटलं, ह्याला ठाऊक आहे. डावा-उजवा शिकवत सगळ्यांचे कान पिळतो ना, आता लोकांपुढं झाकतोय. म्हटलं, झाकू दे बिचाऱ्याला."

ऑरिननं डॉइलकडं बघितलं. डॉइलनं पाईकडं बघितलं.

"डॉइल, तुलाही?"

"माती मीच भरली, लेका. खचली होती ती हीच बाजू."

"मग परवा विचारलं तेव्हा तोंडात काय होतं?"

"बिस्किट. आणि तू ढीग विचारलास. खड्डा कुठं विचारलास?" डॉइलनं काटा ताटलीत ठेवला, आणि त्याचा आवाज उतरला. "आपल्या हातानं बायकोचा खड्डा खणला त्या माणसाला, गड्या, कोण सांगणार? आधी मला वाटलं वेल्डा सांगेल. वेल्डाला वाटलं मी सांगेन. मग हिवाळा आला, आणि मग राहूनच गेलं."

"आणि मी दर रविवारी खुर्ची..."

"तिच्या छातीवर मांडून बसतोस, हो," वेल्डा म्हणाली. "रस्त्यावरून सगळी काउंटी बघते. जिवंत असती तर खुर्चीसकट खाली ढकललं असतं तुला." बोलता बोलता तिचा आवाज हलला, तसा तिनं लगेच खाकरून तो जागेवर आणला. "आणि आज बोलून दाखवते, तुझ्या तारांना मी आजवर थोतांड म्हणत आले. तुला कुणी सांगितलं हे? तारांनीच ना?"

ऑरिननं मान डोलावली. दूर नोरीन आपल्या विटेपाशी गुडघे टेकून मोज्यांची जोडी नीट लावत होती. त्यानं तिच्याकडं या दिवसांत पहिल्यांदाच न घाबरता बघितलं. विटा तरी खऱ्या ठरल्या. पण दुसरं ओझं तसंच होतं, आणि ते पायाखाली होतं. तो डाव्या बाजूच्या गवताच्या कडेला, अगदी कडेला, बूट जुळवून उभा राहिला.

डॉइलनं डोकं खाजवलं. "हे बघ, तिला हलवायला नको. दगडच फिरवू. दोरखंड लावतो, यंत्रानं उचलतो, तोंड पलीकडं करून ठेवतो. नावं आपोआप ज्याच्या त्याच्यावर येतील. फक्त साऱ्या बेथेलमध्ये एकटा तुमचाच दगड पाठ करून उभा राहील."

"राहू दे उभा," वेल्डा म्हणाली. "चारचौघांत तोंड फिरवून बसायची सवय होतीच दोघांना. पण ठरव काय ते, माझी बटाट्याची कोशिंबीर खाली उन्हात आहे. बोल ना, ऑरिन. फिरवायचा दगड?"

ऑरिननं झाडाला टेकवलेली खुर्ची घेतली, उघडली आणि उजवीकडं, लवोनाच्या नावाखाली मांडली. हातानं दाबून बघितली, डुगडुगते का म्हणून. मग तिच्यात बसला आणि डाव्या बाजूच्या गवताकडं बघत म्हणाला:

"नको. जन्मभर मी पहाटे दूध काढायला उठलो की ती माझ्या उबेत सरकायची, आणि परत आलो की मी तिच्या गार जागेत मुकाट्यानं आडवा व्हायचो. जानेवारीत आणून ठेवली तिला, सरकली असेल. मी येईन तेव्हा पडेन इकडं; ही बाजू मला सवयीची आहे."